चहा... पण थंड पाण्यात!

थंड झालेला चहा म्हणजे काय, असं आपल्याकडे कुणालाही विचारा. उत्तर एकच मिळेल – विसरलेला चहा! पेपर वाचता वाचता आजोबा कप बाजूला ठेवतात, तेवढ्यात दारात कुणीतरी येतं, गप्पा रंगतात, आणि कपावर जाडसर साय धरते. मग तो चहा एकतर पुन्हा गरम होतो, नाहीतर मोरीत जातो. असं असताना मुद्दाम थंड पाण्यात चहा करायचा, तोही अजिबात न उकळता, हे ऐकल्यावर आमच्या घरात काय गोंधळ उडाला असेल, विचार करा. दोस्तांनो, त्या गोंधळाचीच ही हकिगत. आणि कृतीसुद्धा!

मे महिन्यात माझी भाची चिपळूणला आमच्याकडे राहायला आली होती. आठवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. चिपळूणचा मे महिना म्हणजे नुसत्या घामाच्या धारा. पण तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या बाबांना, त्या उकाड्यातही दिवसातून पाच वेळा चहा लागायचा. दुधाचा, दोन चमचे साखर घातलेला. त्या वर्षी त्यांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी बजावलं, साखर बंद आणि चहाही आता दोनदाच. सकाळचा आणि संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा झाला, तो त्यांनी कसाबसा गोड मानून घेतला. पण दुपारी साडेतीनचं काय? बरोबर त्या वेळी बाबा घरभर येरझारा घालायचे, स्वयंपाकघरात डोकावायचे आणि काही कारण नसताना आईवर चिडायचे.

आमच्या फडताळात ग्रीन टीचा, म्हणजे हिरव्या चहाचा, एक डबा पडून होता. कुणीतरी भेट दिलेला. मी एकदा तो नेहमीच्या चहासारखा खळाखळा उकळला होता. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "अरे, हा चहा आहे की काडेचिराइताचा काढा?" तेव्हापासून डबा वरच्या फळीवर.

भाचीने तो खाली काढला. "मामा, तू उकळलास म्हणून तो कडू झाला. न उकळता करून बघू या ना!"

जपानमध्ये उन्हाळ्यात हिरवा चहा थंड पाण्यात भिजवून करतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. तिकडे त्याला 'मिझुदाशी' म्हणतात. मिझु म्हणजे पाणी. पाण्यात अर्क उतरवलेला, असा काहीसा त्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, उकळल्याशिवाय चहा होईलच कसा? त्यासाठी आधी हिरवा चहा म्हणजे काय ते बघू. आपला रोजचा दाणेदार चहा आणि हिरवा चहा एकाच झाडाची पानं, बरं का! फरक पुढच्या कामात आहे. वांगं चिरून ठेवलं की थोड्या वेळाने काळं पडतं, पाहिलंय ना? वांग्यातल्या विकरांची हवेशी गाठ पडते आणि रंग बदलतो. चहाच्या पानातही तसलीच विकरं असतात. पानं चुरडून हवेत ठेवली की ती काळपट होतात. तो आपला काळा चहा. हिरव्या चहासाठी मात्र खुडलेली पानं लवकरच तापवतात. जपानमध्ये वाफेवर, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी कढईत परतून. उष्णतेने विकरांचं काम थांबतं आणि पान हिरवं राहतं.

त्या पानात चवीचे तीन मानकरी असतात. पहिलं कॅटेचिन. आवळा किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, तसा तुरटपणा त्याचा. दुसरं कॅफीन, तरतरी आणणारं, पण चवीला कडू. आणि तिसरं थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल. त्याचा शोध १९४९ साली जपानमध्ये लागला. हिरव्या चहात जी मऊ, किंचित गोडसर चव लागते, तिच्यात त्याचा मोठा वाटा. 'ग्योकुरो' नावाचा एक भारी जपानी चहा असतो. त्याच्या झुडपांवर खुडणीआधी सुमारे तीन आठवडे चक्क सावली धरतात! कारण उन्हात थिॲनिन कमी होतं आणि कॅटेचिन वाढतं.

खरी गंमत पुढेच आहे. उकळतं पाणी या तिघांनाही भराभर ओढून काढतं. थंड पाणी मात्र निवडक आहे. थिॲनिन थंड पाण्यातही चांगलं उतरतं. कॅटेचिन आणि कॅफीन मात्र मागे रेंगाळतात, हळूहळू आणि कमी प्रमाणात येतात. म्हणून तोच डबा, तीच पानं. पण एक पेला कडूजहर आणि दुसरा सौम्य!

पटत नसेल तर करून बघा. दोन सारख्या पेल्यांत अर्धा-अर्धा चमचा पत्ती घ्या. एकात गरम पाणी ओता, पाच मिनिटांनी गाळून ते गार करा. दुसऱ्यात गार पाणी घालून, झाकून, चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग गाळा. घरातल्या कुणाचे तरी डोळे बांधून दोन्ही चाखायला द्या. (आमच्या आईने गरम पाण्याच्या पेल्याला जे तोंड केलं, ते इथे लिहून सांगता येणार नाही.)

पण आमची पहिली बाटली पार फसली. भाचीने भांड्यात पत्ती भिजवली आणि भांडं तसंच उघडं फ्रिजमध्ये ठेवलं. शेजारी कापलेला फणस! सकाळी चहाला असा काही घमघमाट सुटला होता की विचारू नका. चहाची पानं आजूबाजूचा वास झटकन ओढून घेतात. हिंगाच्या डबीशेजारी चहाचा डबा ठेवू नये, असं आई नेहमी सांगायची, त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या वेळी मात्र नीट बेत केला. अर्धा लिटर पाणी उकळून पूर्ण गार केलं. उकळायचंच नाही म्हणता आणि पाणी कशाला उकळता? थांबा. नेहमीचा चहा उकळताना पाण्यातले आणि पानावरचे जंतू मरतात. इथे ती सोय नाही. म्हणून पाणी आधी उकळलेलं हवं, बाटली गरम पाण्याने धुतलेली हवी आणि हातसुद्धा स्वच्छ. गार पाण्यात चहाचे दोन चमचे, म्हणजे साधारण पाच ग्रॅम पत्ती घातली, झाकण घट्ट लावलं आणि बाटली फ्रिजमध्ये. पाच तासांनी गाळलं. रंग फिका, पोपटीकडे झुकणारा पिवळा. पत्ती अख्ख्या पानांची असेल तर आणखी दोन-तीन तास ठेवावं लागतं. पुडीतला बारीक भुगा असेल तर लवकर उतरतो, पण चहा गढूळ होतो. माझं मत विचाराल तर सुटी पत्तीच घ्या. आपल्याकडे हिमाचलमधल्या कांगडा भागातही हिरवा चहा होतो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहाचे मळे आहेत.

चव छान होती, पण बाबा म्हणाले, "पाण्यासारखं आहे. वास कुठाय?"

वास! तो तर परसात उभा होता. आमच्या विहिरीजवळ गवती चहाचं बेट आहे. भाची धावत गेली आणि दोन पाती तोडून, बोट कापून घेऊन आली. गवती चहाच्या पात्याला करवतीसारखी धार असते, कात्रीनेच कापा. नाव चहा असलं तरी हे गवत, चहाच्या झाडाशी त्याचं काही नातं नाही आणि त्यात कॅफीनही नाही. पातं नुसतं टाकून मात्र भागत नाही. वास असतो पानातल्या तेलात, आणि उकळी नसल्यामुळे ते तेल आपण होऊन बाहेर येत नाही. पाती धुवायची, बोटभर तुकडे करायचे आणि खलबत्त्यात दोन-तीन हलके घाव घालायचे. चटणी करायची नाही हं! लिंबाच्या सालीचंही तसंच. वरची रंगीत साल तेवढी घ्या, आतला पांढरा भाग कडू असतो. गवती चहा आणि लिंबाची साल यांचे वास इतके सारखे का, माहीत आहे? दोन्हींत सिट्रल नावाचा एकच पदार्थ असतो.

अर्ध्या लिटरला गवती चहाचं एक मोठं पातं पुरतं. किंवा पुदिन्याची पाच-सहा पानं. किंवा किंचित ठेचलेला एक वेलदोडा. 'किंवा' म्हणतोय, तिकडे लक्ष द्या! भाचीने एकदा तिन्ही घातले, वर आलंही किसून घातलं, आणि त्यात बिचारा चहा हरवूनच गेला. काश्मीरमध्ये हिरव्या चहात वेलदोडा, दालचिनी, केशर घालून कहवा करतात. पण तो उकळतात, तिथे मसाल्याचा जोर शोभतो. थंड चहा नाजूक. त्याच्या कानात कुजबुजावं, ओरडू नये.

माझा लाडका प्रकार मोगऱ्याचा. चीनमध्ये चमेलीचा म्हणून जो प्रसिद्ध चहा करतात, त्यातलं फूल म्हणजे आपला मोगराच. तिथे दिवसा कळ्या खुडतात, संध्याकाळी त्या उमलू लागल्या की चहात मिसळतात आणि सकाळी फुलं काढून टाकतात. असं पुन्हापुन्हा, नव्या फुलांनी. आम्ही अंगणातल्या मोगऱ्याच्या सहा कळ्या तिन्हीसांजेला काढल्या, झटकून मुंग्या घालवल्या आणि कोरड्या स्टीलच्या डबीत दोन चमचे पत्तीत ठेवून झाकण लावलं. सकाळी फुलं वेगळी केली आणि पत्ती लगेच भिजत घातली. लगेचच, कारण फुलांच्या ओलाव्याने ती दमट होते आणि ठेवली तर बुरसते. बाजारातला गजरा मात्र यासाठी चालणार नाही. त्या फुलांवर औषध फवारलेलं असू शकतं. आणि वास छान येतो म्हणून कुठलंही ओळखीचं नसलेलं फूल चहात घालू नका. कण्हेर दिसते किती साजरी, पण तिचं सगळं झाड विषारी आहे. घरातल्या मोठ्या माणसाने 'हे खायचं आहे' असं सांगितल्याशिवाय काहीही बाटलीत टाकायचं नाही.

आता एक भांडण सांगतो. एका रात्री अकराला वीज गेली ती सकाळी सातलाच आली. फ्रिज आतून कोमट झालेला. भाचीने बाटली उचलली आणि सरळ मोरीकडे निघाली. बाबा कडाडले, "अगं, वास चांगला येतोय की! मोगऱ्याचा आहे तो. वाया कशाला घालवतेस?"

"आजोबा, तुम्हाला जंतू वासावरून कळतात का?" ती म्हणाली.

बाबांना राग आला. दुपारचा चहा गेला म्हणून मलाही वाईट वाटलं. पण पोरीचंच बरोबर होतं. कोमट ओलाव्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि चव किंवा वास बिघडेलच असं नाही. अमेरिकेत काचेची बरणी तासन्तास उन्हात ठेवून चहा करण्याची पद्धत आहे, तिच्याबद्दलही जाणकार याच कारणाने सावध करतात. तेव्हा बाटली उन्हात नाही, ओट्यावर नाही, फ्रिजमध्येच. आणि गाळलेला चहा त्याच दिवशी संपवायचा.

ज्यांच्याकडे बर्फ आहे त्यांनी 'कोरीदाशी' करून बघा. वाटीत एक चमचा पत्ती, तिच्यावर बर्फाचे चार-पाच खडे, वर झाकण, आणि सगळं फ्रिजमध्ये. बर्फ विरघळेल तसा चहा होत जातो. मिळतात जेमतेम चार घोट, पण काय चव असते! बर्फही उकळलेल्या पाण्याचाच हवा, हे आता सांगायला नकोच.

थंड असला तरी यात कॅफीन असतंच. म्हणून तुम्ही दिवसाला एक छोटा पेला घ्या, तोही संध्याकाळच्या आत. नाहीतर रात्री छताकडे बघत पडाल. अगदी लहान भावंडांसाठी पत्ती न घालता नुसती गवती चहाची बाटली करा. शिवाय जेवताना हा चहा नको. चहातली तुरट द्रव्यं पालेभाजीतल्या आणि डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते अंगी लागत नाही. माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन शाळेच्या तपासणीत कमी भरलं होतं. म्हणून तिने आपल्यापुरता नियम केला – जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास बाटलीला हात लावायचा नाही.

आणि बाबा? पहिले चार दिवस त्यांनी पेला हातात घेऊन नुसती नाकं मुरडली. पाचव्या दिवशी गवती चहाचा पेला संपवला, पण काही बोलले नाहीत. मोगऱ्याच्या दिवशी म्हणाले, "हं, हा बरा आहे." साखरेचं नाव मात्र निघालं नाही. बिनदुधाच्या चहात साखर नसली तरी चालते, हे त्यांनी कबूल केलेलं नाही, पण चालते एवढं खरं.

जूनमध्ये भाची परत गेली. शाळा सुरू झाली, पाऊसही लागला. आता थंड चहा कोण करतंय, असं मला वाटलं होतं. एके सकाळी दुधाचं पातेलं काढायला फ्रिज उघडला तर आत बाटली उभी. झाकण घट्ट. आणि तिला रबरबँडने लावलेली एक चिठ्ठी, बाबांच्या तिरप्या अक्षरात – 'सकाळी ९.४० ला भिजवला. पुदिना. ३ च्या आधी उघडू नये. फणस लांब ठेवणे.'