जनुक-नियमनाचे संशोधन आणि सामायिक क्रमनिर्धारण सेवा

प्रस्तावना

यकृतातील पेशी आणि मेंदूतील चेतापेशी यांच्यातील डीएनए जवळजवळ सारखाच असतो. तरीही त्यांची रचना व कार्य अगदी भिन्न असते. कोणते जनुक केव्हा कार्यरत व्हावे, यावर ही भिन्नता अवलंबून असते. डीएनएवरील मेथिल गट, हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक बदल आणि डीएनएशी जोडली जाणारी नियामक प्रथिने यांचा या नियमनात मोठा वाटा असतो. एपिजेनेटिक्स ही संज्ञा कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये योजली. आज या शाखेतील बरेचसे संशोधन क्रमनिर्धारण यंत्रांवर विसंबून आहे. ही यंत्रे महाग असल्याने सामायिक सेवेला विशेष महत्त्व आहे.

यंत्र काय वाचते?

प्रचलित लघुवाचन यंत्रे केवळ ए, टी, जी आणि सी ही चार अक्षरे वाचतात. मेथिल गट त्यांना दिसत नाही. म्हणून ती माहिती आधी अक्षरांत उतरवावी लागते. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मरियान फ्रॉमर व सहकाऱ्यांनी मांडलेल्या बायसल्फाइट पद्धतीत मेथिल नसलेल्या सायटोसिनचे युरासिल होते व ते शेवटी टी म्हणून वाचले जाते. मेथिलयुक्त सायटोसिन मात्र सी म्हणूनच वाचले जाते. २००७ पासून प्रचारात आलेल्या चिप-सीक्वेन्सिंग पद्धतीत प्रतिपिंडाच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिनाशी जोडलेले डीएनएचे तुकडे निवडून त्यांचा क्रम वाचला जातो. नॅनोपोर तंत्राने मेथिल गट थेट ओळखता येतो, हा अलीकडचा महत्त्वाचा अपवाद होय.

सामायिक सेवेचे स्वरूप

प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यांना स्वतंत्र ओळख-क्रम जोडला की अनेक नमुने एकत्र वाचता येतात व नंतर त्यांची माहिती वेगळी करता येते. त्यामुळे खर्च विभागला जातो. बंगळूर येथे २००९ मध्ये केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने स्थापन झालेली सी-कॅम्प ही संस्था बाहेरील संशोधकांनाही अशी सेवा पुरविते. देशातील संशोधन उपकरणे इतरांना वापरता यावीत, या हेतूने जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. यंत्र नसलेल्या महाविद्यालयीन संशोधकासाठी ही मोठी सोय आहे.

नियोजनाची जबाबदारी

तथापि, यंत्र सामायिक असले तरी प्रयोगाची जबाबदारी सामायिक होत नाही. रुग्णांचे सर्व नमुने एका फेरीत व निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या फेरीत वाचले गेल्यास, दिसलेला फरक रोगाचा की फेरीचा, हे सांगता येत नाही. कोणत्याही संगणकीय विश्लेषणाने ही उणीव भरून निघत नाही. प्रतिपिंड अचूक नसेल, तर चुकीच्या प्रथिनाचे तुकडेही तितक्याच स्वच्छपणे वाचले जातात. बायसल्फाइट प्रक्रिया अपुरी राहिल्यास मेथिल नसलेली स्थानेही मेथिलयुक्त भासतात. म्हणून मेथिलविरहित असल्याचे ज्ञात असलेला डीएनए नियंत्रक म्हणून सोबत वापरला जातो. चिप-सीक्वेन्सिंगसाठी एन्कोड प्रकल्पाने किमान दोन स्वतंत्र जैविक पुनरावृत्ती आणि तुलनेसाठी नियंत्रक नमुना ही अपेक्षा ठेवली आहे.

शस्त्रक्रियेतून मिळालेला ऊतीचा लहानसा तुकडा पुन्हा मिळत नाही. असा नमुना वाया गेल्यास केवळ पैसा नव्हे, तर रुग्णाने दिलेली संमतीही व्यर्थ जाते.

निष्कर्ष

सामायिक क्रमनिर्धारण सेवा म्हणजे केवळ नमुने देऊन माहितीची फाइल परत घेण्याची व्यवस्था नव्हे. नमुन्यांची संख्या, नियंत्रक, फेऱ्यांमधील विभागणी आणि विश्लेषणाची पद्धत यांविषयी संशोधक व सेवाकेंद्रातील तज्ज्ञ यांची चर्चा नमुना गोळा करण्यापूर्वीच होणे आवश्यक आहे. यंत्र विकत घेणे अनेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर असले, तरी काटेकोर नियोजन त्यांच्या आवाक्यात निश्चितच आहे. आणि निष्कर्षांची विश्वासार्हता मुख्यतः त्यावरच ठरते.