मोटर जळली की वायर तुटली?
घरची दुरुस्ती : लेखांक ९

लोणावळ्यावर एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली वडगाव-तळेगावकडे तो कमी होत जातो, पण दमट हवा साऱ्या मावळात असते. माळ्यावरच्या विजेच्या खेळण्यांना ती सोसत नाही. तांब्यावर हिरवट थर चढतो, पितळी पट्ट्या काळ्या पडतात, वंगण सुकून चिकट होतं. दिवाळीच्या सुट्टीत आगगाडी रुळांवर ठेवावी तर इंजिन जागचं हलत नाही, आणि घरात निकाल लागतो, 'मोटर जळली.' माझ्या पाहण्यात आलेल्या बंद इंजिनांपैकी बहुतेकांच्या मोटरला काहीही झालेलं नव्हतं. रुळापासून मोटरपर्यंतच्या वाटेवर वीज कुठेतरी अडली होती. आज ती वाट शोधायची आहे.

ही वाट आपल्या बोरघाटात मोठ्या मापात होती. १९२९-३०च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर १५०० व्होल्ट डीसी वीज आली. सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर, अशी ही चढण. त्या काळात मालगाड्यांसाठी आणलेली डब्ल्यूसीजी-१ जातीची ४१ इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या आणि इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीच्या कारखान्यांतून आली होती. रेल्वेची माणसं त्यांना 'खेकडा' म्हणत. त्यातला एक खेकडा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आजही उभा आहे. वरच्या तारेतून पँटोग्राफ वीज घ्यायचा, ती मोटरमधून चाकांत उतरायची आणि रुळांवाटे सबस्टेशनकडे परत जायची.

खेळण्यात बहुधा वरची तार नसते, म्हणून जाणं-येणं दोन्ही रुळांनाच सांभाळावं लागतं. साडेसोळा मिलिमीटर अंतराच्या दोन रुळांमध्ये १२ व्होल्ट डीसीचा दाब असतो. एका रुळातून वीज चढते, दुसऱ्यातून परतते. म्हणूनच एका आसावरच्या दोन चाकांचा विजेचा संबंध जुळून चालत नाही, निदान एका चाकाला तरी इन्सुलेशन असतं. चाकाच्या मागे घासणारी पितळी पट्टी वीज उचलते, वायर ती कार्बन ब्रशपर्यंत नेते, ब्रश कम्युटेटरला देतो. परतीला अनेक जुन्या इंजिनांत वायरच नसते, धातूची चेसिस हीच परतीची वाट. हे ध्यानात नसलं की माणूस दुसरी वायर शोधत बसतो.

तपासणीसाठी इंजिन मऊ फडक्यावर उलटं ठेवा. आधी नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी थेट दोन ब्रशना क्षणभर लावा. मोटर फिरली, तर ती ठणठणीत आहे. मग मल्टीमीटर कंटिन्युटीवर लावून एकेक टप्पा पाहा : चाक ते पट्टी, पट्टी ते वायर, वायर ते ब्रश, दुसरा ब्रश ते चेसिस, चेसिस ते पलीकडचं चाक. जिथे बीप थांबला, तिथे दोष. वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीला मागे टेंडर असेल, तर दोघांमधली वायर सर्वांत आधी बघा. प्रत्येक वळणावर ती वाकते आणि सोल्डरच्या अगदी शेजारी, आवरणाच्या आत तुटते. बाहेरून ती धडधाकट दिसते.

मोटर फिरलीच नाही, तर ब्रशना जोडलेला छोटा कपॅसिटर पाहा. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तो बसवलेला असतो. तो आतून शॉर्ट झाला की वीज मोटरला टाळून निघून जाते. त्याचा एक पाय सोडवून पुन्हा बॅटरी लावून बघा.

इंग्लंडच्या ट्रायअँग कंपनीच्या इंजिनांतल्या एक्स-०४ मोटरबद्दल मुद्दाम सांगायला हवं. तिच्या ब्रशना दाबणाऱ्या स्प्रिंगच्या एका टोकावर बारीक इन्सुलेशनची नळी असते. साफसफाईत ती कचरा समजून टाकली जाते आणि इंजिन शॉर्ट होतं. या मोटरचा चुंबकही उगाच काढू नये. लोखंडी सांध्यांतून सुटला की त्याची ताकद उतरते आणि मोटर गरम होऊन रडतखडत चालते.

नवी वायर बारीक आणि पुष्कळ तारांची, लवचीक घ्या. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ती मिळते. एकाच तारेची वायर इथे टिकत नाही, कारण चाकांची बोगी सतत वळते. बोगी दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल इतकी ढील ठेवा, पण वायर गिअरला लागू देऊ नका. सोल्डर रोझिनचाच हवा. पत्र्याच्या कामाचं ॲसिड इथे वापरू नये, ते सांध्यात उरतं आणि आपल्या दमट हवेत तांबं खातं. दोन्ही टोकांवर आधी वेगवेगळा सोल्डर चढवा, स्लीव्ह आधीच ओवून ठेवा, मग दोन-तीन सेकंदांत सांधा करा. जास्त वेळ टेकवलंत तर शेजारचं प्लॅस्टिक वितळेल.

सगळी वायरिंग उपटून नवी घालण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. वाकवल्यावर आवरणाला तडे जात असतील, तेवढीच वायर बदला. कोणती वायर कुठे जाते, याचा नकाशा कागदावर काढल्याशिवाय एकही सांधा सोडू नका. मूळ जोडणी हाच त्या इंजिनाचा एकमेव भरवशाचा दस्तऐवज असतो.

जर्मनीच्या मार्कलिनची जुनी इंजिनं एसीवर चालतात. रुळांच्या मधल्या टोकांवरून घसरणारी पट्टी त्यांना वीज देते. त्या रुळांवर डीसी इंजिन ठेवलं तर ते नुसतं गुणगुणतं आणि मोटर खरोखर जळते. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू घरी उघडू नका. त्याच्या वायरला तडे दिसले तर तो वापरातून काढा.

भाऊ जोशी यांनी कोथरूडला उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८मध्ये खुलं झालं. लोकलने पुण्याला जाऊन मुलांना ते दाखवा, आणि वळणावर बोगी किती फिरते ते नीट पाहून या. दुरुस्त झालेलं इंजिन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पावसाळ्यातही महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवा.