पत्ता एकच, वाचणारे दोघे

वॉर्ड सात, खाट चौदा. सरकारी रुग्णालयात रुग्णाचा पत्ता एवढाच. संगणकाच्या मेमरीतही असेच क्रमांक दिलेले कप्पे असतात. एका कप्प्यात एक बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा मावतो. अनेक संगणक जोडून मेमरी सामाईक केली, तर पत्त्यात आधी संगणक कोणता आणि मग कप्पा कोणता, हे येते. पण पत्ता फक्त जागा सांगतो. तिथला आकडा दुसऱ्या कोणी आधीच वाचून नेला आहे का, हे त्यावरून कळत नाही.

वॉर्डात ट्रीटमेंट शीटवरचा डोस बदलला की आम्ही सिस्टरना हाक मारून सांगतो. जुनी ओळ वाचून त्यांनी इंजेक्शन भरलेलेही असू शकते. संगणकातली ही हाक राहून गेली, तर काय होते?

कॅनडातील ‘एईसीएल’चे ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र संगणकाच्या हुकमावर चाले. त्याच्या एकाच संगणकात अनेक कामे एकाच वेळी चालत आणि मेमरी सर्वांची सामाईक होती. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना त्यातून बेसुमार किरण मिळाले. काही दगावले.

यंत्र दोन प्रकारे चाले. वरवरच्या गाठीसाठी इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत. खोलवरच्या गाठीसाठी क्ष-किरण. क्ष-किरणांसाठी कितीतरी तीव्र झोत धातूच्या तुकड्यावर आदळावा लागतो आणि तो तुकडा एक फिरती तबकडी झोताच्या वाटेत आणते. उपचाराचा प्रकार मेमरीत शेजारशेजारच्या दोन बाइटमध्ये लिहिलेला असे. एक बाइट वाचून झोताची ताकद ठरे, दुसरा वाचून तबकडी फिरे. वाचणारी कामे वेगळी, वाचण्याच्या वेळाही वेगळ्या.

मार्च १९८६, टेक्सासमधले टायलर गाव. ऑपरेटरने चुकून क्ष-किरण टाइप केले आणि लगेच दुरुस्त करून इलेक्ट्रॉन केले. तोवर पहिला बाइट वाचला गेला होता. त्यानुसार चुंबके जुळवायला सुमारे ८ सेकंद लागत आणि तेवढ्यात झालेला बदल निसटून जाई. तबकडी मात्र नव्या आकड्याप्रमाणे फिरली. तीव्र झोत, पण वाटेत धातू नाही! रुग्णाला १८० रॅड द्यायचे होते. नंतरच्या अंदाजानुसार १६,५०० ते २५,००० रॅड बसले. पडद्यावर अक्षरे उमटली, ‘मालफंक्शन ५४’. एवढ्यावरून कोणाला काय कळणार?

कंपनीच्या अभियंत्यांना हा दोष पुन्हा घडवून दाखवता येईना. पुढच्याच महिन्यात तिथे दुसरा रुग्ण भाजला. मग तिथल्या भौतिकतज्ज्ञाने ऑपरेटरसोबत पुनःपुन्हा प्रयत्न करून तो पकडला. दुरुस्ती भराभर टाइप केली तरच तो प्रकट होई. म्हणजे हात बसलेल्या माणसाच्याच वाट्याला येणारा दोष.

वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात जानेवारी १९८७ मध्ये वेगळाच एक कप्पा नडला. त्यात शून्य नसेल तर तबकडीची जागा तपासायची, असा संकेत होता. प्रत्येक फेरीत त्यात एक मिळवला जाई. २५६ व्या फेरीला बाइट भरून पुन्हा शून्य होई. नेमक्या त्या क्षणी बटण दाबले गेले आणि तपासणी झालीच नाही.

आता सामाईक कप्प्याला प्रोग्राममध्ये ‘लॉक’ लावतात: एकाचे लिहून होईपर्यंत दुसरा थांबतो. टायलरचा दोष आधीच्या ‘थेरॅक-२०’मध्येही निघाला. पण त्यात झोत अडवणारी स्वतंत्र विद्युत यंत्रणा होती, ती नव्या यंत्रातून काढून टाकली होती. ‘थेरॅक-२०’मध्ये अशा वेळी फक्त फ्यूज उडत.