शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर

हृदयावर शस्त्रक्रिया व्हावयाची असली म्हणजे रोगी एकटाच दुखणें सोशीत नाहीं; त्याचें सारें घर तें सोशीत असतें. भूल दिल्यावर रोग्याची चिंता थांबते; ते तास मोजावे लागतात घरच्या माणसांस. आमच्या मेहकर तालुक्यांतील हिवरा आश्रमाहून अशा उपचारासाठीं नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गांठावें लागतें. मग एक-दोघे रुग्णालयाच्या दारीं बसतात, आणि घरीं आजी व मुलें बातमीची वाट पाहत राहतात.

या भीतीचें मूळ कशांत आहे? हृदय थांबलें म्हणजे सारें संपलें, असें आपण समजतों. आणि पुष्कळ शस्त्रक्रियांत तर डॉक्टर तें बुद्ध्याच थांबवितात! परंतु तेवढा वेळ हृदय व फुप्फुसें यांचें काम एक यंत्र करीत असतें. तें शरीरांतील रक्त बाहेर घेऊन त्यांत प्राणवायु मिसळतें व पुनः शरीरांत सोडतें. अमेरिकेंतील डॉ. जॉन गिबन यांनीं १९५३ सालीं या यंत्राच्या साहाय्यानें हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. पी. के. सेन यांनीं १९६८ सालीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. तो रोगी कांहीं तासच जगला. तेथून ही विद्या पुष्कळ पुढें गेली आहे. तरीहि धोका मुळींच नाहीं, असें कोणी म्हणूं नये.

अशा शस्त्रक्रियेस बहुधा तीन ते सहा तास लागतात; विलंब म्हणजे अशुभ वार्ताच नव्हे. नंतर रोग्याच्या तोंडांत श्वासाची नळी असते, म्हणून तो बोलूं शकत नाहीं. छातींतूनहि नळ्या निघालेल्या दिसतात. हें आधीं ठाऊक नसलें तर पाहणाऱ्याचा धीर सुटतो. याकरितां डॉक्टरांस आधींच सर्व विचारून घ्यावें. त्यांच्याशीं एकानेंच बोलावें व ठरल्या वेळीं घरीं निरोप द्यावा; सांगण्यासारखें कांहीं नसलें तरी द्यावा. पाळीपाळीनें जेवावें व झोंप घ्यावी.

मुलांपासून मात्र खरी गोष्ट लपवूं नये. वडिलांची कुजबूज ऐकून तीं याहून भयंकर कल्पना करितात. सोप्या शब्दांत सांगितलें तर तींहि धीर धरितात. आणि शेजाऱ्यांनीं दहा वेळां “काय झालें?” म्हणून विचारण्यापेक्षां त्या घरीं चार भाकरी पाठविल्या, तर आजीच्या मनावरचा भार खचित हलका होईल.