धूर, ब्रेक आणि जबाबदारी : गाडी स्वतः दुरुस्त करण्याविषयी



गेल्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं उदाहरण आपण पाहिलं. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, की सर, हे सगळं डोंगरावरच का, आमच्या घरात याचा उपयोग काय? प्रश्न रास्त होता. म्हणून आज डोंगर सोडून आपण गॅरेजमध्ये जाऊ.

निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी, दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली आणि ती साताऱ्यात घराच्या अंगणात स्वतः दुरुस्त करायला शिकलो. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. आज जे दोष सांगणार आहोत ते बहुतेक आमचे आहेत, उगाच तिची बदनामी नको. आमचे गुरू म्हणजे शेजारचे एक निवृत्त मिस्त्री. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. आमच्याकडे तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट. कोण कुणाला काय शिकवणार, हे पहिल्या आठवड्यातच स्पष्ट झालं.

आधी एक गैरसमज दूर करू. स्पोर्ट्स कार म्हणजे काही अजब यंत्र, तिला हात लावायला परदेशातून माणूस यावा लागतो, असं लोकांना वाटतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी गाडी आली होती. बॉडी फायबरची, आणि इंजिन रेनोचं, साधारण १.२ लिटरचं. म्हणजे साध्या छोट्या गाडीला असतं तेवढंच. गंमत इंजिनाच्या आकारात कमी आणि गाडीच्या हलकेपणात, बुटकेपणात, घट्ट सस्पेन्शनमध्ये जास्त असते. तेव्हा आतली तत्त्वं तीच : पेट्रोल, हवा, ठिणगी, पाणी, तेल. फरक एवढाच, की जागा कमी असते, हात शिरत नाही, आणि गावोगावच्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं.

आणि आपल्या भागाला हे काही नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली. लोखंडी नांगर नंतर आला, आणि लोखंडाने जमीन विषारी होते असं म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इकडे साताऱ्यात १९२२ मध्ये कूपरांचा कारखाना निघाला, पुढे तिथे डिझेल इंजिनं झाली. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत एखादा टर्नर, फिटर, मोल्डर निघतो तो त्यामुळे.

आता मुद्द्यावर येऊ. धूर.

सायलेन्सरमधून धूर येतो. निळसर असेल तर इंजिनात तेल जळतंय : पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं झिजली असतील. काळा असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी : आधी एअर फिल्टर उघडून बघा. पांढरा, दाट, गाडी तापल्यावरही न थांबणारा असेल तर रेडिएटरचं पाणी इंजिनात शिरतंय, बहुधा हेड गॅस्केट गेलं. पण थंडीच्या सकाळी दिसणारा पातळ पांढरा धूर? ती नुसती वाफ. दोन मिनिटांत जाते. त्यावर खर्च करू नका.

हे झालं धुरावरून कारणाकडे जाणं. नैयायिक इथे एक इशारा देतात. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जिथे अग्नी तिथे धूर, ही खरी नाही. लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं. या जास्तीच्या अटीला ते उपाधी म्हणतात.

हे आम्ही तीस वर्षं शिकवलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात नेमके त्यात पडलो. गाडीचं पाणी दर आठवड्याला कमी होत होतं. आम्ही वाचलेलं, की हेड गॅस्केट गेलं तर पाणी कमी होतं. झालं! पाणी कमी होतंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. इंजिनाचं डोकं उतरवायची तयारी केली, सामान मागवलं. मिस्त्री आले, त्यांनी विचारलं, "सर, धूर पांढरा येतो का?" नाही. "ऑइल दुधासारखं झालंय का?" नाही. "मग डोकं कशाला उघडताय? गाडी थंड होऊ द्या, आणि आधी झाकण बघा." रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. किरकोळ पैशांचं काम.

हेड गॅस्केट गेलं की पाणी कमी होतं, हे खरं. पण पाणी कमी होण्याची कारणं अनेक : झाकण, होजपाइप आणि त्याची क्लिप, वॉटर पंप, आणि सगळ्यात शेवटी गॅस्केट. आम्ही व्याप्ती उलटी वाचली होती. मिस्त्रींनी न्यायशास्त्राचं नावही ऐकलेलं नव्हतं आणि ते अचूक नैयायिक होते. स्वस्त आणि सोपं कारण आधी तपासायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झालं ते वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही.

दुसरा मुद्दा हाताचा. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ च्या ग्रंथात एक भेद मांडला : अमुक असं आहे हे माहीत असणं वेगळं, आणि अमुक कसं करायचं हे येणं वेगळं. स्पार्क प्लग बसवताना हे कळतं. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. प्लग पोलादाचा. पहिले काही आटे बोटांनीच फिरवायचे, पाना लावायचा नाही. आटा वाकडा धरला तर बोटाला लगेच कळतं, पान्याला कळत नाही. तो आपल्या जोरावर आटा कापत आत जातो, आणि हेड खराब होतं. आणि हे इंजिन थंड असताना करायचं. हे वाक्य आम्ही आत्ता तुम्हाला सांगितलं, तुम्ही लिहूनही घेतलंत. पण तुमच्या बोटांना ते अजून माहीत नाही. त्यासाठी टॉर्क रेंच घ्या. ठरलेला ताण आला की तो टक् करतो. ज्याच्या मनगटात अंदाज मुरलेला नाही, त्याच्यासाठी ते उसनं मनगट आहे.

आता जे सांगणार आहोत ते सांगायला आम्हाला अजूनही जड जातं.

सप्टेंबरात कासची फुलं बघायला आम्ही नातीला घेऊन गेलो. दोन आसनी गाडी, एकावर आम्ही, एकावर ती. आदल्या आठवड्यात ब्रेकचे पॅड आम्ही स्वतः बदलले होते. ब्रेक ऑइल थोडं कमी वाटलं, म्हणून फडताळातल्या बाटलीतलं घातलं. ती बाटली मागच्या पावसाळ्याआधी फोडलेली होती. अंगणात ब्रेक दाबून पाहिले : कडक. गल्लीत चक्कर मारली : उत्तम. परत येताना यवतेश्वरचा घाट उतरत होतो. दोन-तीन वळणं झाली आणि ब्रेकचा पेडल मऊ लागला. पुढच्या वळणाला तो खालपर्यंत गेला.

गिअर खाली टाकला. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, गटाराच्या कडेला ती थांबली. नात म्हणाली, "आजोबा, आपण इथे का थांबलो?" आम्ही म्हणालो, "गाडी तापली." ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं.

घडलं काय? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, तर हा किमान आकडा १५५ वर येतो. घाटात ब्रेक सतत दाबून धरले की डिस्क तापते, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, आणि ऑइल उकळतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पायाचा जोर चाकापर्यंत नेतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो, जोर पोचत नाही. सिस्टीममधलं जुनं ऑइल आम्ही बदललंच नव्हतं, आणि वर घातलं तेही वर्षभर उघड्या बाटलीतलं. साताऱ्याचा पावसाळा त्यात उतरला होता.

त्याहून धोक्याची गोष्ट पुढे आहे. तासाभराने ब्रेक पुन्हा कडक झाले! वाफ निवली होती. दोष नाहीसा झालेला दिसत होता. घर समोर दिसत होतं, मोह झाला. पण मिस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "सर, बाटली कधी फोडली होती?" मग म्हणाले, "गाडी हलवू नका. टोचनसुद्धा नको. मागच्या गाडीला ब्रेक लागतातच." गाडी ट्रकवर चढवून खाली आणली.

अंगणातली परीक्षा खोटी नव्हती, पण ती अंगणाची होती. थंड ब्रेकची परीक्षा घेऊन आम्ही तापलेल्या ब्रेकबद्दल निष्कर्ष काढला. गॅरेजवाल्याने हे केलं असतं तर आम्ही त्याच्यावर चिडलो असतो, पैसे परत मागितले असते. इथे चिडायला समोर कुणीच नव्हतं. पैसे वाचतात म्हणून लोक गाडी स्वतः दुरुस्त करतात. पण पान्याबरोबर मिस्त्रीची जबाबदारीही आपल्या हातात येते, आणि शेजारच्या आसनावर कुणीतरी बसलेलं असतं. समोरून दुचाकीवर कुणीतरी येत असतं. त्यांनी आपल्या हौशीला संमती दिलेली नसते.

म्हणून आम्ही कामांच्या तीन रांगा केल्या आहेत. पहिली, घरी खुशाल करावीत अशी : इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, बॅटरीची टोकं, होजपाइपच्या क्लिपा. दुसरी, जाणकाराला शेजारी बसवून करावीत अशी : ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल पूर्ण बदलणं आणि हवा काढणं. तिसरी, हात न लावण्याची : स्टिअरिंग, चेसिसचं वेल्डिंग, एअरबॅग. आणि एक नियम तिन्हींना लागू. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. खाली स्टँड लावायचे, आणि तेही गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. फायबरच्या कडेला जॅक लावाल तर ती कडाच तडकेल.

सांगलीकर आता विचारतील, मग आमच्या देवराष्ट्रेचं काय? बरोबर. यशवंतराव चव्हाणांच्या त्या जन्मगावातल्या एका कारागिराने भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. खर्च सांगितला गेला साठ हजार रुपये. २०२१ च्या डिसेंबरात ती देशभर गाजली, आनंद महिंद्रांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि पुढच्या महिन्यात ती दिलीही. त्या हातांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण महिंद्रांनीही त्याच वेळी म्हटलं होतं, की ही गाडी नियमांत बसत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. दुरुस्ती म्हणजे गाडी होती तशी करणं, बदल म्हणजे ती वेगळी करणं. दुसऱ्याची परीक्षा जास्त कडक हवी, कारण तिथे मूळ कारखान्याने केलेल्या चाचण्यांचा आधार उरत नाही.

नातीला पुढे आम्ही खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तारीख कुठे लिहिता?" तेव्हा ती कुठेच लिहीत नव्हतो. आता ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी आहे, तिच्यावर ऑइल बदलल्याची तारीख तिच्या अक्षरात आहे. दोन वर्षं भरायच्या आत ती बदलते. उरलेली बाटली आम्ही ठेवत नाही.

आज घरी गेल्यावर आपल्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, एवढं शोधून बघा. सापडलं नाही तर उद्या गॅरेजला जा. प्रश्न असतील तर आता घेऊ.