टीव्हीला घरचा संगणक दिसत नाही तेव्हा

संगणकावरचे फोटो आणि चित्रपट टीव्हीवर दाखवणारे प्लेक्स किंवा जेलीफिन सुरू असूनही टीव्हीवर काहीच दिसत नसेल, तर दोष बहुधा नेटवर्कमध्ये असतो. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याची घाई करू नये. आधी त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ (localhost) आणि अपूर्णविरामापुढे (:) पोर्टचा आकडा टाकावा: प्लेक्ससाठी ३२४००, जेलीफिनसाठी ८०९६. पान उघडले तर सर्व्हर नीट चालू आहे.

मग विंडोजमध्ये घरचे वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदले आहे का, ते पाहावे. तसे असल्यास फायरवॉल टीव्हीची विचारणा अडवू शकते, म्हणून ते ‘प्रायव्हेट’ करावे.

अंधेरीतल्या फ्लॅटमध्ये खरी गोम अनेकदा राउटरमध्ये सापडते. दाराजवळ इंटरनेट कंपनीचा राउटर असतो आणि आतल्या खोलीत रेंज मिळावी म्हणून घेतलेला दुसरा. टीव्ही एकावर, संगणक दुसऱ्यावर. संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.७ आणि टीव्हीचा १९२.१६८.१.५ असा दिसला, तर दोघे बहुधा वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत आणि सर्व्हर शोधणारी हाक मधला राउटर ओलांडत नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकणे हाच यावरचा चांगला उपाय.

यादी दिसते पण चित्रपट अडखळतो, ही तक्रार वेगळी. टीव्हीला फाइलचा प्रकार चालत नसल्यास संगणक ती चालता चालता बदलून पाठवतो आणि जुना प्रोसेसर त्यात दमतो. शिवाय दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते. तिथे ५ गिगाहर्ट्झ किंवा सरळ केबल वापरावी.