बारा अंकांतला राखणदार

धानाचा हंगाम आला की भंडारा जिल्ह्यातील खरेदी केंद्रांवर नोंदणीसाठी गर्दी होते. सातबारा, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड हातात. शेतकरी आकडे सांगतो, ऑपरेटर टाइप करतो. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, वीस नंतर. घाईगर्दीत २५ चे ५२ व्हायला वेळ लागत नाही, आणि अशा एका चुकीने धानाचे चुकारे अडकू शकतात.

ही चूक पकडण्याची सोय आधार क्रमांकातच आहे. आधार ही १२ अंकी संख्या; पण प्रत्येक १२ अंकी संख्या आधार क्रमांक होऊ शकत नाही. तिची सुरुवात ० किंवा १ ने होत नाही. पहिले ११ अंक कोणत्याही ओळखीशी जोडलेले नसतात. माणूस तुमसरचा की लाखांदूरचा, तरुण की म्हातारा, हे त्यांवरून कळत नाही. बारावा अंक मात्र आधीच्या ११ अंकांवरून गणिताने ठरतो. हा ‘तपासणी अंक’.

तो नुसत्या बेरजेने का ठरवत नाहीत? कारण २ अधिक ५ आणि ५ अधिक २ यांची बेरीज सारखीच. अदलाबदल निसटून जाईल. नेदरलँड्सचे गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये यावर तोडगा मांडला. त्यांच्या डच भाषेतही पंचविसात पाच आधीच येतो!

पुठ्ठ्याचा सुसम पंचकोन कापून कागदावर त्याची बाह्यरेषा काढा. त्या रेषेत तो फिरवून पाच प्रकारे बसतो, पालथा करून आणखी पाच. एकूण दहा स्थिती, ० ते ९ या अंकांसाठी एकेक. गंमत अशी, की आधी फिरवून मग पालथा केला आणि आधी पालथा करून मग फिरवला, तर पंचकोन वेगवेगळ्या स्थितीत येतो. म्हणजे इथे क्रमाला किंमत आहे. शिवाय स्थानानुसार अंक ठरावीक पद्धतीने बदलून घेतात, त्यामुळे उरलेल्या पळवाटाही बुजतात. या रीतीने २३६ ला तपासणी अंक ३ मिळतो. २३६३ बरोबर, पण २३५३ आणि २६३३ चूक.

परिणाम असा, की कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर संख्या हमखास बाद ठरते. एका अंकाच्या चुकीने आपला क्रमांक दुसऱ्याचा होऊच शकत नाही.

पण राखणदाराच्याही मर्यादा आहेत. फॉर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये ही तपासणी बसवलेली असेल तरच ती चालते. चूक कुठे झाली, हे ती सांगत नाही. अनेक अंक वाटेल तसे चुकले, तर दहातून साधारण एकदा चुकीची संख्याही पार होते. आणि बरोबर बसलेला क्रमांक तुमचाच आहे, याची ती हमी देत नाही.

म्हणून ‘क्रमांक अवैध’ असे दिसले तर कार्ड रद्द झाले, या भीतीने घरी परतू नये. आधी टाइप केलेले अंक कार्डाशी पडताळावेत. सांगताना चार-चारचे गट करून ‘दोन, पाच’ असा एकेक अंक सुटा सांगावा. खाते क्रमांकही तसाच तपासावा आणि पावतीवरचे नाव वाचूनच केंद्र सोडावे.